करडईचं तेल आणि तीस फूट समुद्र

मॉरिशसहून परत आल्यापासून भेटणारा प्रत्येक माणूस मला दोनच प्रश्न विचारतो. विमानात भीती वाटली का, आणि एवढा खर्च करून मिळवलंत काय. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. वाटली, भरपूर वाटली. दुसऱ्याचं मात्र मी "सांगेन सावकाश" म्हणून टाळत आलो. आता जवळजवळ सगळ्यांचं विचारून झालंय, तेव्हा सावकाश सांगायला हरकत नाही.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात प्रवाळाची एक बरणी आहे. आत पांढरंफटक, हाडासारखं एक झुडूप. चौदा वर्षं मी ती बरणी टेबलावर ठेवून समुद्राच्या तळाचं वर्णन करत आलो. समुद्राचं म्हणाल तर मुंबईच्या चौपाटीवर घोट्यापर्यंत पाय भिजवले होते, तेवढाच माझा अधिकार.

आमच्याकडे गोविंद नावाचा एक विद्यार्थी होता. मॉरिशसचा, पण मराठी घरातला. त्याचे पणजोबा कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यात कामाला गेले आणि तिथेच राहिले. पदवी घेऊन तो परत गेला, तिकडे मासेमारीच्या खात्यात लागला, आणि दोन वर्षांनी त्याचं पत्र आलं. "सर, तुम्ही प्रवाळ फार मन लावून शिकवलंत, म्हणून मी वर्गात बोललो नाही. पण सर, ते पांढरं नसतं. एकदा येऊन बघा. राहण्याजेवण्याची काळजी आमची. माझ्या ओळखीचा एक पाणबुड्या आहे, तो तुम्हाला खाली नेईल."

पत्र वाचून आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग झोप उडाली. चौदा वर्षांतली सगळी मुलं माझ्या भरवशावर पांढरा समुद्र डोक्यात घेऊन गेली होती. त्यांतली काही आता स्वतः शिकवत होती.

तिकिटाची चौकशी केली तेव्हा तर तोंडचं पाणीच पळालं. आम्ही सात वर्षं विजापूर रस्त्याला एक प्लॉट घ्यायचा म्हणून पैसे साठवत होतो. तिकीट त्यातला निम्म्याहून जास्त भाग गिळणार होतं. त्यात वर्ष दुष्काळाचं. टँकर आला की सुमन, म्हणजे माझी बायको, आणि अकरा वर्षांची नंदा घागरी घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. स्टाफरूममध्ये एक सहकारी सगळ्यांसमोर म्हणाले, "लोक पाण्यासाठी उन्हात उभे आहेत, आणि तुम्ही पाणी बघायला विमानानं निघालात!" सगळे हसले. मीही हसलो, पण ते वाक्य माझ्याबरोबर मुंबईपर्यंत आलं, आणि पुढेही.

जायचं ठरवलं, रद्द केलं, पुन्हा ठरवलं. असं चार वेळा झालं. शेवटी भाकरी थापता थापता सुमनच म्हणाली, "अहो, जा एकदाचे. नाही गेलात तर जन्मभर त्या बरणीकडे बघून उसासे टाकाल, आणि ते मलाच ऐकावे लागतील."

"पण प्लॉट?"

"प्लॉटचं दुःख मला आहेच. नाही कशाला म्हणू?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मला एवढंच हवंय. परत आल्यावर खरं सांगायचं. जाणं योग्य होतं की नव्हतं. पैसे गेले म्हणून खोटं कौतुक करायचं नाही."

हा सौदा तिकिटापेक्षा महाग होता. जाऊन यायचं, एवढ्यावर आता भागणार नव्हतं. परत येऊन बायकोच्या डोळ्यांत बघून उत्तर द्यायचं होतं.

मोहोळ

निघण्याआधी मामांना भेटायला मोहोळजवळच्या आमच्या आजोळी गेलो. ज्ञानूमामांनी मला सातव्या वर्षी पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांच्या विहिरीत ढकललं होतं, आणि तिथेच मी पोहायला शिकलो. मामा पंचक्रोशीत बुडी मारण्यासाठी प्रसिद्ध. कुणाची घागर पडली, कुणाच्या इंजिनाचा पाइप सुटला, की मामांना बोलावणं. कधी कधी विहिरीतून माणूसही काढावा लागे. त्या दिवशी मामा जेवत नसत.

आता विहीर कोरडी पडली होती. ज्या तळाला हात लावून वर येणं म्हणजे आमच्या लहानपणीचा पराक्रम, तो तळ उन्हात उघडा पडला होता. भेगाळलेला गाळ, एक फुटकी घागर, बाकी काही नाही.

मामांशी ओरडून बोलावं लागतं. कित्येक वर्षं झाली, त्यांना फार कमी ऐकू येतं. गावात गमतीनं म्हणतात, ज्ञानूच्या कानात विहीर जाऊन बसलीय.

"समुद्र किती खोल हाय रं, दत्तू?"

"मी जाणार तिथं तीस फूट!" मी ओरडलो.

"म्हंजी आपल्या हिरीएवढाच की! मग त्यापायी इमान कशाला?"

माझ्या मनातला प्रश्न मामांनी विहिरीच्या काठावर बसून सरळ विचारला होता. आत जाऊन मामांनी करडईच्या तेलाची छोटी बाटली आणि कापसाची पुडी आणली. पाण्यात उतरण्याआधी तेल कोमट करायचं, कापसाचा बोळा त्यात भिजवून कानात घट्ट बसवायचा आणि वरून फडकं बांधायचं, ही त्यांची रीत. मलाही त्यांनी तसंच शिकवलं होतं.

"पान्यात कान मोकळा सोडायचा न्हाय. इमानात बी घाल. लई उंच जातंय म्हनं त्ये."

विमान आणि कडक भाकरी

विमानात बसल्यावर पहिला तासभर मी खुर्चीचे हात धरून बसलो होतो, जणू मी सोडले तर विमान खाली पडेल. मग हवाईसुंदरी एक तबक घेऊन आली. त्यात पेपरमिंटच्या गोळ्या होत्या, आणि चक्क कानात घालायला कापूस होता. माझा आनंद गगनात मावेना. मामा कधी सोलापूरच्या पलीकडे गेले नाहीत, पण त्यांचं शास्त्र विमानवाल्यांनाही मान्य होतं! मामांवरचा माझा विश्वास समुद्रावर उडत असताना दुप्पट झाला. पुढे जे घडलं त्याचं मूळ त्या तबकात आहे.

मॉरिशसच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं माझी पिशवी उघडली. दोन सोलापुरी चादरी त्याला आवडल्या. शेंगाचटणी त्यानं हुंगली आणि तीनदा शिंकला. कडक भाकरीची चवड मात्र त्याला कळेना. त्यानं एक भाकरी टेबलावर वाजवून पाहिली, ती खण्ण वाजली, आणि त्यानं वरिष्ठाला बोलावलं. मी एक तुकडा मोडून खाऊन दाखवला तेव्हा कुठे दोघांची खात्री पटली की हे अन्न आहे. दातांविषयी त्यांच्या मनात शंका राहिली असावी.

गोविंद बाहेर उभा होता. मोटारीतून जाताना दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. मध्ये मध्ये काळ्या दगडांचे मोठाले ढीग. "आमच्या लोकांनी हातांनी वेचलेत हे दगड, सर," तो म्हणाला. "ऊस लावायला." आमच्याकडेही त्या उन्हाळ्यात दुष्काळी कामावर लोक खडी फोडत होते. मी मोटारीत मऊ गादीवर बसून ते ढीग बघत होतो, आणि गादी टोचू लागली.

गोविंदच्या आईला मी वहिनी म्हणू की बाई, हे ठरेना. तिनंच सोडवलं. "मला बाय म्हणतात सगले." तिचं मराठी जुनं, कोकणाच्या किनाऱ्याचं, आणि अडलं की ती मध्येच तिथल्या क्रिओल भाषेत शिरायची. चहाला व्हॅनिलाचा वास. सकाळी फ्रेंच पद्धतीचा लांबलचक पाव, आणि देव्हाऱ्यात गणपती. बाजारात हरभऱ्याच्या डाळीची मऊ पुरी गुंडाळून देतात. तिला पुरणपोळीची धाकटी, तिखट बहीण म्हणावं. माझ्या चटणीवर बाय इतकी खूश झाली की ती तिनं कुणाला दाखवलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ती हळूच गोविंदला म्हणाली, "तुज्या सरांना बरं नाय काय? अर्ध्या बादलीत न्हातात." घरी आम्ही घंगाळात उभं राहून आंघोळ करत होतो, म्हणजे तेच पाणी नंतर फरशीला वापरता येई. इथे नळ सोडला की धो धो पाणी यायचं आणि मी घाबरून तो बंद करायचो.

पहिली बुडी

तिसऱ्या दिवशी समुद्रावर गेलो. जोझेफ हा पाणबुड्या पन्नाशीचा, काळाभोर, बोलणं कमी. त्याची होडी रंगवलेली, पण आतून पाणी झिरपत होतं आणि तो ते डब्यानं उपसत होता.

घरून निघतानाच मी बायच्या चुलीवर तेल कोमट करून दोन्ही कानांत बोळे घट्ट बसवले होते. वरून रुमाल बांधला होता. जोझेफला वाटलं उन्हासाठी असेल. त्यानं माझ्या पाठीवर हवेची टाकी चढवली, डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मुखवटा बसवला, आणि गोविंदमार्फत सांगितलं, "थोडं थोडं खाली जायचं. नाक दाबून आतून हवा फुंकायची. कानात वाजलं पाहिजे. दुखलं की वर."

मी मान हलवली. मनात म्हटलं, माझा बंदोबस्त तुझ्यापेक्षा पक्का आहे.

आठ-दहा फुटांवर कानात कुणी दाभण खुपसल्यासारखं झालं. नाक दाबून फुंकलं, तर उजव्या कानात आणखी कळ. वर जावं, तर सात वर्षांची बचत आठवली. सुमनचा प्रश्न आठवला. एवढ्या लांब येऊन दहा फुटांवरून परत? मी दात खाऊन आणखी खाली गेलो. समोर फक्त निळं धुरकट काहीतरी दिसत होतं आणि मग तेही फिरायला लागलं. जोझेफनं मला दंडाला धरून वर आणलं, हे मला होडीत आल्यावर कळलं.

त्यानं माझा रुमाल सोडला. उजव्या कानातून बोळा ओढून काढला. तेलकट, आणि त्यावर रक्ताचा गुलाबी डाग. त्यानं तो बोटांत धरून वास घेतला, आणि गोविंदशी काहीतरी बोलला. गोविंद अवघडला.

"काय म्हणतोय?"

"विचारतोय, हे तुम्हाला कुणी शिकवलं."

"माझ्या मामांनी. ते तीस वर्षं बुड्या मारतात."

गोविंदनं सांगितलं. जोझेफनं बोळा समुद्रात फेकला आणि अगदी साधेपणानं एक प्रश्न विचारला. गोविंदनं तो माझ्याकडे न बघता मराठीत केला.

"म्हणतोय, तुमच्या मामांना ऐकू येतं का?"

मी होडीच्या काठाला धरून बसलो. मला ओकारी आली, ती लाटांमुळे असं मी त्यांना सांगितलं.

मी दरवर्षी फळ्यावर कानाची आकृती काढतो. पडदा, मधला कान, आणि तिथून घशात उघडणारी नळी. बाहेरचा दाब वाढला की त्या नळीवाटे आतून हवा भरून तोल साधायचा, हे मुलांकडून पाठ करून घेतो. बोळा घट्ट बसवला की बोळा आणि पडदा यांच्यामध्ये हवा कोंडते, मग कितीही फुंकलं तरी पडद्याला ताण बसतोच. यात न कळण्यासारखं काही नाही. पण फळ्यावरचा कान आणि मामांचा कान एकच आहे, हे मला चौदा वर्षांत सुचलं नाही. आम्ही सगळे त्यांच्या बहिरेपणाला हसत होतो. विहीर जाऊन बसलीय म्हणत होतो, आणि ती खरोखरच बसली होती.

थांबणं

डॉक्टरनं कानात बघून सांगितलं, पडदा फाटला नाही, पण लालबुंद झालाय. काही दिवस पाणी बंद. विमान आठवड्यातून एकदाच होतं. मी दिवस मोजत बायच्या ओसरीवर बसलो.

आयुष्यात इतके लांब दिवस मी काढले नाहीत. समोर समुद्र, आणि मला त्यात पाय घालायची बंदी. कान दुखला की वाटे गेला, आणि दुखायचा थांबला की वाटे ऐकूच येत नाही. मग मी कानाशी घड्याळ धरून टिकटिक ऐकत बसे. रात्री हिशेब करून ठेवला होता, सुमनला काय सांगायचं. "व्हॅनिलाचा चहा प्यालो, भाकरी खाऊन दाखवली आणि कान फोडून घेतला." खरं सांगायचं म्हणजे हेच.

आणि मामांना काय सांगायचं? काहीच नाही, असं मी ठरवलं. अडुसष्टाव्या वर्षी माणसाला कशाला कळावं, की त्याचे कान त्याच्याच हातांनी गेले?

तीस फुटांवर नाही, बारावर

परतीच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाला, उथळ पाण्यात, सावकाश, दुखलं तर तत्काळ वर. जोझेफ मला किनारा आणि प्रवाळखडक यांच्या मधल्या शांत पाण्यात घेऊन गेला. दोन पुरुष खोल, बस्स. या वेळी कान मोकळे. हातभर खाली गेलो की थांबायचं, नाक दाबायचं, फुंकायचं. कानात बारीक टक् वाजायचं. मला वाटलं, इतका सुंदर आवाज मी ऐकला नाही. भीती मात्र तसूभर कमी नव्हती. प्रत्येक टक् शेवटचा असेल असं वाटत होतं.

आणि मग प्रवाळ दिसलं. खरं सांगायचं कबूल केलंय म्हणून सांगतो, पहिल्यांदा माझी निराशा झाली. ते तपकिरी होतं! बाजरीच्या भाकरीच्या रंगाचं, मोहरीच्या रंगाचं, शेवाळी. मी पोवळ्यासारखं लाल काहीतरी धरून चाललो होतो. मग डोळे सरावले. फांद्यांची टोकं जांभळी दिसू लागली. त्यांतून बोटाएवढे पिवळे मासे आत-बाहेर करत होते. जोझेफनं दगडासारख्या दिसणाऱ्या एका गोल प्रवाळाकडे बोट दाखवलं. त्यावर शेकडो बारीक फुलं उमलून हलत होती. मी न राहवून हात जवळ नेला, आणि हात लागायच्या आत ती सगळीच्या सगळी मिटली.

मुखवट्यात मला रडू आलं. मुखवट्यात रडता येत नाही, काच धुरकटते. माझ्या बरणीत हाडं होती. चौदा वर्षं मी मुलांना सांगाडा दाखवून म्हणत होतो, हा बघा प्राणी.

पुन्हा मोहोळ

परत आल्यावर सुमननं विचारलं नाही. ती वाट बघत होती, आणि मी फुलं मिटल्याचं दोनदा सांगून तिसऱ्यांदा सांगायला लागलो की ती ऐकून घ्यायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. योग्य होतं का, हे मलाच सांगता येईना. एवढ्या पैशांत बारा फूट. आठ दिवसांत सुमन आणि नंदा मिळून किती वेळ रांगेत उभ्या राहिल्या, ते मी विचारलंही नाही.

एका रविवारी आम्ही तिघं मामांकडे गेलो. मामा विहिरीच्या पायऱ्यांवर सावलीला बसले होते. मी त्यांना एक मोठा शंख दिला. त्यांनी तो सवयीनं कानाला लावला, आणि लगेच खाली ठेवला.

"कान वाचलं न्हवं? तेल हुतं म्हून!" मग नंदाला जवळ ओढून म्हणाले, "पानी येऊं दे की हिरीला. हिला बी शिकिवतो. त्येच तेल, त्योच बोळा."

नंदा हरखली. मी सुमनकडे पाहिलं. तिला मी जोझेफचा प्रश्न सांगितलेला नव्हता.

मामांशी हळू बोलायची सोयच नाही. जे सांगायचं ते ओरडूनच सांगावं लागतं. जे सांगायचं नाही असं ठरवलं होतं, ते मी कोरड्या विहिरीत उभं राहून ओरडलो. बोळा घालायचा नसतो. त्यानं कान जातो. माझा जाणार होता. मामा, तुमचा त्यानंच गेला. शेजारच्या रानात काम करणारे दोघं हात थांबवून आमच्याकडे बघू लागले. विहिरीनं माझं शेवटचं वाक्य परत म्हणून दाखवलं.

मामांनी शंख बाजूला सरकवला.

"मग कसं करायचं असतंय?"

मी नाक दाबून फुंकून दाखवलं. मामांनी नाक धरलं, फुंकलं. पुन्हा फुंकलं. गाल फुगवून, डोळे मिटून, चार-पाच वेळा.

"काय व्हईना," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तुला दुखलं तवा तुला त्येनं वर काडलं. मला कोन काडनार? घागर हाती लागल्याबिगर वर यायाचंच न्हाय, असं हुतं आमचं. दुकायचं की. लई दुकायचं." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "येवड्या लांब जावं लागलं व्हय रं तुला ह्ये शिकाया?"

मामांनी नंदाला समोर बसवलं. "नंदे, नाक धर. तुजा बा म्हनतोय तसं फुक."

नंदानं फुंकलं. तिचे डोळे मोठे झाले. "वाजलं!"

"काय म्हनती ती?" मामांनी विचारलं.

सुमन दोन पायऱ्या उतरून खाली आली. तिनं पदर सावरला, मामांच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यांदा सांगितलं, "वाजलं म्हणते, मामा! दोन्ही कानांत वाजलं!"

मामा हसले. निघताना त्यांनी घरातलं करडईच्या तेलाचं मडकं सुमनच्या हातात दिलं. "फोडनीला घे," म्हणाले.

सुमन एस.टी.त माझ्या शेजारी मडकं मांडीवर घेऊन बसली. मोहोळ मागे पडल्यावर मी घसा साफ करून म्हणालो, "तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर..."

"दिलंत की," ती म्हणाली, आणि तेल सांडू नये म्हणून मडक्यावर हात धरून खिडकीबाहेर बघू लागली.